गाणं विरताना येणारी करकर: प्लेबॅकच्या साखळीत डिदर कुठे गळतो ते कसं शोधायचं

तक्रार साधारण अशी असते. गाणं भरात असताना सगळं स्वच्छ वाटतं. शेवटी आवाज उतरायला लागला की नादावर बारीक करकर चढते आणि नाद पुरता विरायच्या आत मध्येच तुटतो. डॅक (डिजिटल आकड्यांचा ऐकण्याजोगा सिग्नल करणारं उपकरण) बदलून झाला, केबल बदलून झाली, फाइल पुन्हा उतरवून झाली, तरी करकर तिथल्या तिथे. मग एखाद दिवशी आपोआप जाते, आणि प्लेअरचा व्हॉल्यूम खाली आला की परत येते.

हार्डवेअरवर पैसे घालण्याआधी एक गोष्ट तपासा: साखळीत कुठेतरी नमुन्याचे (आवाजाच्या क्षणोक्षणीच्या मापाच्या आकड्याचे) खालचे बिट कापले जात आहेत आणि त्या जागी डिदर, म्हणजे कापण्याआधी मुद्दाम मिसळलेला बारीक यादृच्छिक नॉइज, दिलेला नाही. उपाय दोनच आहेत. ती कापाकापी होऊच द्यायची नाही. किंवा होणारच असेल तर नेमकी तिथेच, कापण्याच्या आधी, साधा त्रिकोणी डिदर द्यायचा. नॉइज शेपिंग, म्हणजे नॉइज कानाला कमी ऐकू येणाऱ्या वारंवारतांकडे ढकलणं, ही त्यापुढची गोष्ट. ते अख्ख्या साखळीत एकदाच करायचं, अगदी शेवटच्या टप्प्यावर.

खाली सगळ्या पातळ्या कमाल पातळीपासून मोजल्या आहेत. उणे ९० म्हणजे कमालीच्या ९० डीबी (डेसिबल) खाली. ‘पायरी’ म्हणजे सर्वांत खालच्या बिटाची किंमत.

आधी आवाज ओळखा

एकाच तक्रारीखाली वेगवेगळे दोष येतात आणि प्रत्येकाचं औषध वेगळं आहे, म्हणून सेटिंगला हात लावण्याआधी नीट ऐका.

करकर सुराला चिकटून असेल, सूर बदलला की तिचाही पोत बदलत असेल, सूर थांबला की तीही थांबून मागे ठार शांतता उरत असेल, तर डिदर नाही. ही पोस्ट मुख्यतः याच दोषाबद्दल आहे.

मागे सतत एकसारखी मऊ सू-सू असेल आणि तिचा गाण्याशी काही संबंध नसेल, तर तो डिदरच आहे आणि तो तसाच असायला हवा. बसल्या जागेवरून ती त्रास देण्याइतकी ऐकू येत असेल, तर गेनची (कुठे आवाज किती वाढवायचा याची) मांडणी चुकली आहे. प्लेअर १० टक्क्यांवर आणि अँप्लिफायर पूर्ण उघडा, असं काहीतरी असतं. प्लेअर वर घ्या, अँप खाली आणा.

सू-सू गाण्याबरोबर कमी-जास्त होत असेल, तर डिदर आयताकृती आहे किंवा शांततेत स्वतःहून बंद होणारा आहे. दुसऱ्या प्रकाराला ऑटो ब्लँकिंग म्हणतात. सेटिंगमध्ये ते बंद करता येत असेल तर करा, कारण नॉइज एकदम जाणं हे नॉइज असण्यापेक्षा जास्त टोचतं.

आणि शांततेत एखादी अगदी बारीक शिट्टी ऐकू आली, तर नॉइज शेपर डिदरशिवाय चालवलेला आहे. शेपरमध्ये मागची चूक पुढच्या नमुन्यात जाते. आत येणारा सिग्नल जवळपास स्थिर असला की ही फेरी एकाच आकड्यांच्या चक्रात अडकते, आणि ते चक्र कानाला स्वर म्हणून ऐकू येतं. शेपिंग असेल तिथे डिदर हवाच.

कापल्यावर नेमकं काय होतं

१६ बिटमध्ये ६५,५३६ पायऱ्या असतात. उणे ९०.३ डीबीचा शुद्ध स्वर घेतला तर त्याची लाट वर एक पायरी आणि खाली एक पायरी इतकीच असते. डिदरशिवाय तो जवळच्या पूर्णांकावर नेला, की अख्ख्या लाटेचे फक्त तीन आकडे उरतात: उणे १, ०, अधिक १. कानाला तो मूळ स्वर राहत नाही. त्यावर तिप्पट, पाचपट, सातपट वारंवारतेचे उपरे स्वर चढतात. हेच ती करकर. चूक सिग्नलच्या मागे मागे चालते, म्हणून ती नॉइज न वाटता विकृती वाटते. आणखी खाली, उणे ९६.३ च्या खाली, स्वर अर्ध्या पायरीतही पोचत नाही आणि थेट शून्य होतो. नाद मध्येच तुटतो तो इथे.

कापण्याच्या आधी ठरावीक आकाराचा यादृच्छिक नॉइज मिळवला, की चूक सिग्नलपासून सुटी होते. मग उणे १०० चा स्वरसुद्धा १६ बिटमध्ये टिकतो. नॉइजच्या खाली असतो, पण शुद्ध असतो, आणि कान तो सहज वेचून काढतो.

किती नॉइज? एक पायरी रुंद आयताकृती डिदरने (ज्यात पायरीभरातले सगळे आकडे सारख्याच शक्यतेने येतात) विकृती जाते, पण नॉइजची पातळी सिग्नलबरोबर हलत राहते. दोन पायऱ्या रुंद त्रिकोणी डिदर, म्हणजे उणे १ ते अधिक १ पायरी आणि शून्याजवळचे आकडे जास्त वेळा, हीसुद्धा हालचाल थांबवतो. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातले लिपशिट्झ आणि व्हँडरकॉय यांनी १९८४ पासून, आणि पुढे वॅनमेकर यांच्यासह, हे गणिताने पक्कं करून ठेवलं आहे. त्याची किंमत ४.७७ डीबी. १६ बिटची सैद्धांतिक ९८.१ डीबीची मोकळीक (कमाल आवाज आणि नॉइज यांतलं अंतर) त्रिकोणी डिदरनंतर साधारण ९३.३ उरते. घरात गाणं ऐकताना हे ४.७७ डीबी कोणाला कळत नाहीत. करकर मात्र कळते. म्हणून डिदरने नॉइज वाढतो ही तक्रार मनावर घेऊ नका.

दोन चुका इथे वारंवार दिसतात. पहिली, बिट कापून झाल्यावर वरून नॉइज मिसळणं. त्याने काहीच साधत नाही. विकृती झालेली असते, फक्त तिच्यावर पडदा पडतो. दुसरी जास्त फसवी आहे. संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये डिदर लावलेला असतो, पण तो २४ बिटसाठी, आणि फाइल निघते १६ बिटची. २४ बिटची पायरी १६ बिटच्या पायरीच्या २५६ व्या भागाइतकी असते, त्यामुळे तो डिदर असून नसल्यासारखा. डिदरमधला बिटचा आकडा आणि एक्सपोर्टमधला बिटचा आकडा एकच आहे ना, हे दर वेळी पाहा.

जागा शोधण्याची चाचणी

९९७ हर्ट्झचा स्वर वापरा, १००० चा नको. १००० हर्ट्झची लाट ४८ किलोहर्ट्झमध्ये बरोबर ४८ नमुन्यांत बसते आणि तेच तेच आकडे फिरत राहतात. ९९७ ही मूळ संख्या असल्याने लाट पायऱ्यांवर वेगवेगळ्या ठिकाणी पडत राहते.

आधी फाइल रूपांतराची चाचणी. सॉक्स या टर्मिनलवरून चालणाऱ्या ऑडिओ साधनाने २४ बिटची, २० सेकंदांची, उणे १०० डीबीची फाइल बनवा. तुमच्या नेहमीच्या साधनाने तिची १६ बिटची फाइल करा. मग त्या फाइलला ६० डीबी गेन देऊन २४ बिटमध्ये नव्याने साठवा आणि व्हॉल्यूम बेताचा ठेवून ऐका. तीनपैकी एक निकाल येईल. सू-सूच्या मागे स्वच्छ स्वर ऐकू आला तर डिदर आहे. पूर्ण शांतता असेल तर आकडे डिदरशिवाय जवळच्या पूर्णांकावर किंवा शून्याकडे नेले आहेत. स्वर ऐकू आला, पण भोंग्यासारखा चौकोनी, तर खालचे बिट सरळ छाटले आहेत. छाटताना सगळे ऋण नमुने उणे १ होतात आणि धन नमुने ०. मग उणे १०० चा नाजूक स्वर साधारण उणे ९४ ची चौकोनी लाट बनून बाहेर पडतो, म्हणजे मुळापेक्षा जवळपास ६ डीबी मोठा. शांतता आणि भोंगा यांतला हा फरक लक्षात ठेवा. कुठल्या प्रकारचा कोड कापतोय ते यावरून कळतं.

आता चालत्या साखळीची चाचणी. उणे ६० डीबीचा तोच स्वर २४ बिटमध्ये बनवा आणि प्लेअरचा व्हॉल्यूम उणे ३० डीबीवर ठेवा. बाहेर जाताना स्वर उणे ९० ला असेल. अँपचा आवाज हळूहळू वाढवत स्वर ऐकू येईपर्यंत न्या. तो भोंग्यासारखा वाजला तर व्हॉल्यूमचा गुणाकार झाल्यावर १६ बिटवर डिदरशिवाय कापलं जातंय. स्वच्छ वाजला तर तेवढा भाग बरा आहे. ही चाचणी करताना सूचनांचे आवाज बंद करा. अँप वर असताना मेसेजची घंटी वाजली तर कानाला आणि ट्वीटरला इजा होईल. हेडफोन असेल तर आधी अँप खाली, मग स्टॉप, हाच क्रम.

कोणाकडे ऑप्टिकल आउट आणि इन दोन्ही असतील तर आउटमधून निघालेलं इनमधून २४ बिटवर रेकॉर्ड करा, मूळ फाइलशी नमुना-दर-नमुना जुळवून उलट्या फेजने मिसळा (म्हणजे एकातून दुसरं वजा करा) आणि उरलेल्या फरकाला ६० डीबी गेन द्या. फरकात काहीच नसेल तर साखळी बिट-परफेक्ट, म्हणजे एकही बिट न बदलणारी. नुसती एकसारखी सू-सू उरली तर डिदर व्यवस्थित आहे. फरकाच्या फाइलमध्ये गाण्याची चाल ओळखू येत असेल तर कुठेतरी डिदर नाही. हा पुरावा इतका थेट आहे की पुढे वाद उरत नाही.

खरं संगीत वापरून तपासायचं असेल तर मैफिलीचं रेकॉर्डिंग घेऊ नका. सभागृहाचा आणि मायक्रोफोनचा स्वतःचा नॉइज १६ बिटच्या पायरीपेक्षा बराच वर असतो आणि तो आपोआप डिदरचं काम करतो. इलेक्ट्रॉनिक तानपुरा किंवा तानपुऱ्याचं अॅप चांगलं. मागे नॉइज नाही, खर्जाची तार लांब विरते, आणि जोडीच्या तारा थांबवून तिचा एकटीचा शेवट ऐकता येतो.

सर्वांत मोठा गुन्हेगार: व्हॉल्यूम

बहुतेक लोक फाइलच्या बिट-डेप्थवर भांडतात आणि व्हॉल्यूमकडे कोणी बघत नाही. सॉफ्टवेअर व्हॉल्यूम म्हणजे प्रत्येक नमुन्याचा गुणाकार. गुणाकाराचं उत्तर लांबलचक येतं आणि ते पुन्हा आउटपुटच्या बिटमध्ये बसवावं लागतं. दर ६.०२ डीबी कमी केल्यावर वरचा एक बिट रिकामा पडतो. आउटपुट १६ बिट आणि व्हॉल्यूम उणे ४० असेल तर संगीताला जेमतेम साडेनऊ बिट उरले. आउटपुट २४ बिट असेल तर त्याच व्हॉल्यूमला साडेसतरा बिटांच्या आसपास उरतात; मूळ १६ बिटच्या फाइलचं काहीही बिघडत नाही.

म्हणून पहिली दुरुस्ती डिदरची नाहीच. आउटपुट २४ किंवा ३२ बिट करा. फाइल १६ बिटची असली तरी करा.

दुसरा छुपा गुणाकार रिप्लेगेनचा किंवा आवाज सारखा करणाऱ्या कुठल्याही सोयीचा. मोठ्याने मास्टर केलेल्या अल्बमला तो सहज उणे ८ डीबी लावतो. व्हॉल्यूम १०० टक्क्यांवर आहे म्हणून लोक निर्धास्त असतात आणि प्रत्येक नमुना मात्र बदललेला असतो. ‘काही दिवस करकर जाते आणि परत येते’ यामागे पुष्कळदा हेच असतं: काही अल्बमना रिप्लेगेनची टॅग आहे, काहींना नाही. तिसरा गुणाकार रिसॅम्पलिंगचा, म्हणजे सेकंदाला किती नमुने हा दर बदलण्याचा. ४४.१ किलोहर्ट्झची फाइल ४८ वर वाजली की प्रत्येक नमुना नवा हिशोब करून येतो. इक्वलायझर आणि क्रॉसफेड यांचंही तसंच.

हे सगळं ३२ बिट फ्लोटमध्ये, म्हणजे दशांशातल्या आकड्यांत, चाललं असेल तर मधल्या टप्प्यांवर डिदर लागत नाही. फ्लोटमधून पूर्णांकात उतरताना, शेवटी एकदाच, प्रश्न येतो. आणि तिथे २४ बिट असेल तर डिदर दिला काय, न दिला काय, कानाला फरक नाही. २४ बिटचा त्रिकोणी डिदर उणे १४१ डीबीच्या आसपास असतो आणि उत्तम डॅकचा स्वतःचा अॅनालॉग नॉइज त्याच्या कितीतरी वर. आपली खरी लढाई १६ बिटच्या टप्प्याशी आहे.

कुठे काय बदलायचं

विंडोजमध्ये ‘मोअर साउंड सेटिंग्ज’, मग प्लेबॅक, आपलं उपकरण, प्रॉपर्टीज, अॅडव्हान्स्ड. तिथे डिफॉल्ट फॉरमॅट २४ बिट निवडा, बहुतेक ४४.१ च्या फाइली ऐकत असाल तर दरही ४४.१ ठेवा. एन्हान्समेंट्स बंद. मॅकवर ‘ऑडिओ मिडी सेटअप’ उघडून उपकरणाचा फॉरमॅट २४ बिट इंटिजर करा.

फूबार या प्लेअरमध्ये आउटपुटच्या पानावर बिट-डेप्थ आणि डिदरची खूण शेजारीशेजारी आहेत. डॅक २४ बिट घेत असेल तर २४ निवडा आणि डिदर सोडून द्या. डॅक १६ बिटचाच असेल तर १६ निवडून डिदरला खूण करा. १६ ठेवून खूण काढणं एवढंच चुकीचं.

लिनक्सवर पल्सऑडिओ या ध्वनी-सेवेचा मूळ नमुना-फॉरमॅट १६ बिटचा असतो. ‘डेमन डॉट कॉन्फ’ या फाइलमधल्या ‘डिफॉल्ट सॅम्पल फॉरमॅट’च्या ओळीत तो ३२ बिटचा करा, ओळीसमोरचं अर्धविरामचिन्ह काढा आणि सेवा पुन्हा सुरू करा. ते चिन्ह काढायचं राहिलं की ओळ नुसती टीप ठरते आणि बदल लागूच होत नाही. पाइपवायर ही त्याच कामाची दुसरी सेवा आत फ्लोटमध्ये चालते. त्यात ‘डिदर डॉट मेथड’ ही सेटिंग आहे, पण मुळात ती ‘नन’वर असते. १६ बिटच्या डॅकसाठी ती ‘ट्रँग्युलर’ करा. शेपिंग हवंच असेल तर ‘शेप्ड५’. अल्सा या लिनक्सच्या ध्वनी-थरातला सॉफ्टव्हॉल, म्हणजे त्याचा सॉफ्टवेअर व्हॉल्यूम, शक्यतो टाळा. तो आलेल्या फॉरमॅटमध्येच गुणाकार करतो.

एमपी३ आणि एएसी फाइलींना मुळात बिट-डेप्थ नसते. डीकोडरमधून बाहेर येताना ती ठरते. डीकोडरला फ्लोट किंवा २४ बिट आउटपुट देता येत असेल तर द्या. १६ बिटचं आउटपुट डिदरशिवाय निघालं तर साध्या एमपी३चाही शेवट करकरतो, आणि दोष मात्र एमपी३वर जातो. ब्लूटूथवर ऐकत असाल तर ही सगळी खटपट सोडा. तिथे कोडेकची चूक १६ बिटच्या पायरीपेक्षा पुष्कळ मोठी असते.

फाइल रूपांतर करताना

२४ बिट ९६ किलोहर्ट्झची फाइल १६ बिट ४४.१ ची करायची असेल तर क्रम पक्का ठेवा: आधी थोडा गेन कमी, मग रिसॅम्पलिंग, मग डिदर, आणि त्यानंतर काहीही नाही. डिदरनंतर रिसॅम्पलिंग केलं तर नमुने पुन्हा लांब होतात आणि पुन्हा कापावे लागतात. सुरुवातीचा गेन उणे १ डीबी सहसा पुरतो. कमाल पातळीला टेकलेल्या शिखरावर रिसॅम्पलिंगचा आणि डिदरचा थोडासा भार पडला तरी ते कापलं जातं.

सॉक्स बिट कमी करताना स्वतःहून त्रिकोणी डिदर देतो. कॅपिटल डीचा पर्याय लावला तर तो बंद होतो. इंटरनेटवरच्या पुष्कळ तयार आज्ञांत हा डी पडलेला असतो आणि लोक तो तसाच उचलतात. एफएफएमपेग या रूपांतराच्या साधनाचं उलट आहे. त्यात डिदर मुळात बंद असतो. नुसतं ‘नमुना-फॉरमॅट एस१६’ सांगून फ्लॅक बनवली की डिदरशिवायची फाइल हाती येते. ‘एरिसॅम्पल’ फिल्टरमध्ये डिदरची पद्धत ‘ट्रँग्युलर’ अशी नावानिशी सांगावी लागते.

शेपिंगचे फिल्टर ठरावीक दरांसाठीच बनवलेले असतात. भलत्या दराला ते मागितले तर सॉक्स आणि एफएफएमपेग दोन्ही ताकीद देऊन शेपिंग सोडतात आणि त्रिकोणी डिदरवर येतात. म्हणून टर्मिनलवरच्या ताकिदी वाचा.

ऑडॅसिटी या संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रेफरन्सेसच्या क्वालिटी पानावर दोन डिदर आहेत: चालू प्लेबॅकचा आणि उच्च दर्जाच्या रूपांतराचा. एक्सपोर्टला दुसरा लागू होतो. १६ बिटची फाइल उघडून फक्त मागचे-पुढचे तुकडे कापले असतील आणि गेन, फेड, इक्वलायझर काही लावलं नसेल, तर एक्सपोर्टपुरता तो ‘नन’ करा. नमुने बदललेलेच नाहीत, मग नवा नॉइज कशाला?

तुमची ‘२४ बिट’ फाइल खरंच २४ बिटची आहे का, तेही बघून घ्या. सॉक्सच्या ‘स्टॅट्स’मध्ये बिट-डेप्थची ओळ येते. तिथे १६ दिसलं तर खालचे आठ बिट नुसती शून्यं आहेत.

नॉइज शेपिंग: कधी उपकार, कधी अपाय

प्लेबॅकमधलं नॉइज शेपिंग सीडीइतकंच जुनं आहे. फिलिप्सच्या पहिल्या सीडी प्लेअरमध्ये १४ बिटचा डॅक होता. दर चौपट करून १७६.४ किलोहर्ट्झवर नेला आणि कापलेल्या बिटांची चूक मागे फिरवली, तेव्हा त्या १४ बिटांतून १६ बिटची कामगिरी मिळाली. चौपट दरामुळे नॉइज ढकलायला वर मोकळी जागा होती, म्हणून ते इतकं छान जमलं.

४४.१ वर ती जागा नसते. सगळ्यात साधा, पहिल्या दर्जाचा शेपर ७.३५ किलोहर्ट्झच्या खाली नॉइज कमी करतो आणि त्याच्या वर वाढवतो; एकूण नॉइज ३ डीबीने वाढतोच. कानाच्या संवेदनेनुसार बेतलेले फिल्टर ३-४ किलोहर्ट्झजवळ, जिथे कान सर्वांत तिखट असतो, तिथला नॉइज उपसून १५ किलोहर्ट्झच्या वर टाकतात. लिपशिट्झचा पाच गुणकांचा प्रसिद्ध फिल्टर २२ किलोहर्ट्झच्या टोकाला नॉइज १९ डीबीहून थोडा जास्तच वर नेतो. गर्झन आणि क्रेव्हन यांनी १९८९ मध्ये दाखवून दिलं की यातून सुटका नाही. एका भागात डीबीच्या हिशोबात जेवढं खाली ढकलाल, तेवढं दुसरीकडे वर येणारच.

अंतिम १६ बिटची फाइल बनवून ती तशीच, बदल न करता वाजवायची असेल तर शेपिंग उत्तम. विरणारा नाद खरोखर जास्त खोलवर ऐकू येतो. पण त्या फाइलवर पुढे काही करणार असाल तर साधा त्रिकोणी डिदर घ्या.

रियाजासाठी लोक रेकॉर्डिंगची पट्टी बदलतात, आणि तिथे हा त्रास हमखास येतो. काळी चारची काळी एक केली, सात अर्धस्वर खाली, की १८ किलोहर्ट्झवर टाकलेला नॉइज थेट १२ किलोहर्ट्झवर येऊन बसतो आणि तीक्ष्ण सू-सू होऊन ऐकू येतो. लय तीच ठेवून पट्टी बदलली तरीही तसंच. पट्टी न बदलता नुसती लय कमी केली तर मात्र वारंवारता सरकत नाहीत. इलाज एकच: मूळ २४ बिटची प्रत मिळवा, पट्टी तिच्यावर बदला, मग १६ बिट करा. इक्वलायझरने वरचे स्वर ६-८ डीबी उचलले तरी हाच नॉइज वर येतो. एमपी३ करायची असेल तर एन्कोडरला शेपिंग केलेली १६ बिटची फाइल देण्याऐवजी २४ बिटचीच द्या, म्हणजे वरच्या नॉइजवर एन्कोडरचे बिट वाया जात नाहीत.

शेपिंगवर शेपिंग झालं तर दोन्ही वेळचा नॉइज वरच्या टोकाला साठतो. शेपिंग केलेल्या फाइलवर १६ बिटमध्येच साध्या डिदरने व्हॉल्यूम बदलला, तर नवा सपाट नॉइज तळ भरून टाकतो आणि शेपिंगने मिळवलेलं सगळं बुडतं. इथेही उत्तर पुन्हा तेच येतं: आउटपुट २४ बिट.

डीएसडी या १ बिटच्या ध्वनी-स्वरूपात शेपिंग टोकाला गेलेलं असतं. १ बिट, २.८२२४ मेगाहर्ट्झ, आणि ऐकू येण्याच्या पट्ट्याच्या वर नॉइजचा डोंगर. दोनच पायऱ्या असल्याने पूर्ण त्रिकोणी डिदर द्यायला जागाच उरत नाही. लिपशिट्झ आणि व्हँडरकॉय यांनी २००१ मध्ये १ बिटवर हाच आक्षेप घेतला होता. प्लेअर डीएसडीचं १७६.४ चं पीसीएम (नेहमीचे अनेक बिटांचे नमुने) करत असेल आणि अँप तापत असेल किंवा आवाज चिरका येत असेल, तर ३० किलोहर्ट्झच्या आसपासचा लो-पास फिल्टर चालू करा. अधिक ६ डीबीची खूण असेल तर ती काढून बघा. मोठ्याने मास्टर केलेल्या डिस्कवर ती शिखरं कापते.

स्वतः कोड लिहिणाऱ्यांसाठी

ईएसपी३२ किंवा रास्पबेरी पाय अशा छोट्या संगणकीय पाट्यांवर स्वतःचा प्लेअर लिहिणाऱ्यांच्या अडचणी ठरलेल्या असतात. नमुना व्हॉल्यूमने गुणून पायऱ्यांच्या मापात आणा. ० ते १ मधल्या दोन स्वतंत्र यादृच्छिक संख्या घ्या, पहिलीतून दुसरी वजा करा. हा झाला त्रिकोणी डिदर. तो मिळवा, जवळच्या पूर्णांकावर न्या, आणि शेवटी उणे ३२,७६८ ते अधिक ३२,७६७ च्या मर्यादेत बसवा.

सी भाषेत फ्लोट सरळ पूर्णांकात टाकला तर तो शून्याकडे कापला जातो. उणे १ ते अधिक १ मधलं सगळं ० होतं, म्हणजे शून्याभोवती दोन पायऱ्यांचा मृत पट्टा तयार होतो, आणि डिदर देऊनही शेवट करकरतो. पूर्णांकात नेणारं राउंडिंगचं फंक्शन वापरा. पूर्णांकी गणितात १५ घरं उजवीकडे सरकवणार असाल तर सरकवण्याआधी डिदर आणि अर्धी पायरी दोन्ही मिळवा. नाहीतर प्रत्येक नमुना खालच्या बाजूला कापला जाऊन अर्ध्या पायरीचा डीसी (सगळ्या लाटेचं कायमचं सरकणं) चढतो. डाव्या-उजव्या चॅनेलला वेगळे यादृच्छिक आकडे द्या, नाहीतर नॉइज मधोमध एका ठिपक्यात गोळा होतो. आणि आधीच बनवलेला छोटा नॉइज-तक्ता फिरवू नका. त्याची आवर्तनं कानाला कळतात.

शेपिंगसाठी मागची चूक नमुन्यातून वजा करा आणि आलेली संख्या जपून ठेवा. डिदर मिळवून पूर्णांक करा. नवी चूक म्हणजे पूर्णांक वजा ती जपलेली संख्या. डिदर मिळवल्यानंतरच्या संख्येपासून चूक काढली तर डिदरचं शेपिंग होत नाही आणि सगळी मेहनत अर्धीच फळते. त्रिकोणी डिदरमध्ये चूक दीड पायरीपलीकडे जात नाही. ती त्यापलीकडे गेली याचा अर्थ शिखर कापलं गेलं. तेव्हा चूक शून्य करा, नाहीतर प्रत्येक क्लिपिंगमागे फट्कन आवाज येईल.

गाण्याची सुरुवात गिळली जात असेल तर

हा वेगळा दोष, पण याच कुळातला. सलग शून्यं आली की पुष्कळ डॅक आणि एचडीएमआय रिसीव्हर झोपतात. पुढचं गाणं लागलं की जागे होईपर्यंत पहिला अर्धा सेकंद जातो किंवा टिक् असा आवाज येतो. पाइपवायरमधली ‘डिदर डॉट नॉइज’ ही सेटिंग खालच्या बिटांत थोडा नॉइज सोडून उपकरणाला जागं ठेवते. ती १ पासून सुरू करून लागेल तेवढीच वाढवा. तरीही टिक् येत असेल तर आउटपुटच निलंबित होतंय. त्यासाठी निलंबनाची मुदत वेगळी असते, ती ० केली की निलंबन थांबतं.

आणि जुन्या नाट्यगीतांच्या ७८ च्या तबकड्यांवरून केलेल्या प्रतींना डिदर न दिल्याची करकर सहसा येत नाही. तबकडीची घासणूकच पुरेसा डिदर देते. पण त्याच प्रतीवर नॉइज-रिडक्शन चालवलं असेल, दोन ओळींमधली शांतता पुसून काढली असेल, तर तो नैसर्गिक डिदर गेला. अशी साफ केलेली प्रत १६ बिटमध्ये साठवताना त्रिकोणी डिदर लावा, आणि घासणुकीसकटची मूळ २४ बिटची प्रत पुसू नका.